मागायची सोय

‘आजीला एका रविवारी सकाळी अन्नपूर्णेच्या देवळात घेऊन जाईन. परत यायची घाई करणार नाही.’ कॉलेजात जाणाऱ्या नातवाने जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एवढं लिहिलं, खाली सही केली आणि दिवाळीच्या पाडव्याला ते आजीच्या हातात ठेवलं, तर कायद्याच्या लेखी त्या कागदाला वजन किती? भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या पंचविसाव्या कलमानुसार मोबदल्याशिवाय केलेला करार निरर्थक ठरतो. पण त्याच कलमात एक अपवाद आहे, आणि एवढ्या रुक्ष कायद्यात तो वाचताना माणूस थबकतो. जवळच्या नात्यातल्या माणसाने नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि रीतसर नोंदणी करून दिलेलं वचन ग्राह्य धरलं जातं. नोंदणी नसेल तर आजीला कोर्टात दाद मागता येणार नाही. कलमाखालच्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट नमूद केली आहे: जी भेट प्रत्यक्ष देऊन झाली, तिला या कलमाने बाध येत नाही. नातवाने आजीला देवळात नेऊन आणलं की ते दिलं गेलं. मग कुणाला नोंदणी विचारायचं कारण नाही.

घरातल्या वचनांपासून न्यायालयं मुद्दाम दूर राहिली आहेत. १९१९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात बाल्फोर विरुद्ध बाल्फोर हा खटला चालला. नवरा सिलोनमध्ये सरकारी नोकरीत होता, बायको तब्येतीमुळे इंग्लंडमध्ये राहिली होती आणि नवऱ्याने तिला दरमहा ३० पौंड द्यायचं कबूल केलं होतं. पुढे दोघांत फाटलं आणि ती कोर्टात गेली. न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. नवरा-बायकोने संसारात एकमेकांना दिलेले असे शब्द कराराच्या हेतूने दिलेले नसतात, असं न्यायमूर्ती ॲटकिन यांनी मांडलं. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात. त्या बाईंवर अन्याय झाला असं अनेकांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. घरात दिलेल्या शब्दामागे देणाऱ्याखेरीज दुसरं कुणीही उभं नसतं.

घरी बनवलेली भेटीची कूपनं याच जागी उभी राहतात. चार-सहा कागदी चिठ्ठ्या, प्रत्येकीवर देणाऱ्याने स्वतः करायचं एक काम, घेणाऱ्याचं नाव, तारीख, सही. घेणाऱ्याने हवी तेव्हा चिठ्ठी पुढे करायची आणि देणाऱ्याने त्या दिवशी ते काम करायचं. मराठी माणसाला कूपन नवीन नाही. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने मेसची कूपनं फाडून दिली आहेत. व्यापारातलं कूपनही जुनंच. कोका-कोलाने १८८७ च्या सुमारास अटलांटात एक ग्लास पेय फुकट मिळवून देणाऱ्या हाती लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि जाहिरातीच्या इतिहासात पहिलं कूपन म्हणून बहुतेकदा त्यांचंच नाव घेतलं जातं. घरच्या कूपनात मात्र माल नसतो, दुकान नसतं, सवलत नसते. त्यात एका माणसाचा वेळ आणि हात असतात.

इंदूरच्या पश्चिमेकडच्या अन्नपूर्णा भागासाठी हा विषय खास जवळचा आहे. ज्या देवळामुळे या भागाला आणि रस्त्याला हे नाव मिळालं, ते १९५९ साली उभं राहिलं. चार हत्तींच्या पाठीवर तोललेलं त्याचं महाद्वार पाहून मदुरेच्या मीनाक्षी मंदिराची आठवण व्हावी, अशीच त्याची घडण आहे. आत अन्नपूर्णेसोबत काली आणि सरस्वतीही आहेत. आसपास सुदामा नगर, उषा नगर, वैशाली नगर, पलीकडे लोकमान्य नगर. होळकरांच्या राज्यापासून इंदुरात रुजलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळ घरं याच पट्ट्यात आहेत. मराठी घराला अन्नपूर्णा देवळात जाण्याआधीच भेटलेली असते. लग्नात मुलगी गौरीहरापाशी तिची पूजा करते आणि आईने दिलेली पितळेची किंवा चांदीची ती छोटी मूर्ती घेऊन सासरी जाते. तिथे देवघरात, वाटीतल्या तांदळांवर, ती जन्मभर बसते.

या देवीची कथा मागण्याची आहे. अन्न ही नुसती माया आहे असं म्हणणाऱ्या शंकरावर भूक लागल्यावर हातात कपाल घेऊन तिच्या दारी उभं राहायची वेळ आली, आणि तिने पळी भरून त्याला वाढलं. मागणारा साक्षात महादेव आहे, आणि मागितल्याने त्याचं काही कमी झालेलं नाही. आपल्याकडे जोगवा मागतात, माधुकरी मागत, मुंजीत बटू ‘भिक्षां देहि’ म्हणतो. एवढी परंपरा असूनही मराठी घरात सर्वांत अवघड काम कुठलं असेल, तर आपल्या माणसाकडे मागणं. ‘मला काही नको’ हे वाक्य प्रत्येक घरातली एखादी तरी आजी रोज म्हणते. फोनमधले फोटो कसे शोधायचे हे तिला पुन्हा एकदा विचारायचं असतं, डोळ्यांत थेंब घालायला कुणी हवं असतं, लालबागेपर्यंत चालत जायचं असतं. ती विचारत नाही, कारण सगळे कामात आहेत हे तिला दिसतं.

मागणारा माणूस समोरच्याच्या होकाराचा अंदाज बहुधा कमीच बांधतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मोजून पाहिलं. अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल, असं आधी सहभागी विद्यार्थ्यांना विचारलं. त्यांचा अंदाज होता सुमारे २०. प्रत्यक्षात सुमारे १० जणांना विचारून काम झालं. अनोळखी माणूस इतक्या सहज ‘हो’ म्हणत असेल, तर सख्खा नातू म्हणणार नाही का? म्हणतोच. पण आजीला ते आधी कळायला हवं, आणि पाडव्याला हातात पडलेली चिठ्ठी हे काम करते. नातवाचा होकार तिच्याकडे आधीच जमा असतो. तिला कारण सांगावं लागत नाही, ‘वेळ आहे का रे’ अशी सुरुवात करावी लागत नाही. घरच्या कूपनातली खरी भेट ही मागायची सोय आहे. देवळाची फेरी त्यानंतर येते.

आईच्या बाबतीत हे फार कळीचं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि ती कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही अशा कामाला दिवसभरात हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम २६ होते, बाया ८१. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटं असे आले. पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली. अशा घरात ‘आईला एक दिवस सुट्टी’ असं कूपन लिहिताना लिहिणाऱ्याने हात जरा थांबवावा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुप्पट भांडी साचणार असतील, तर ती सुट्टी तिला महागात पडते. त्यापेक्षा ‘दर गुरुवारी रात्रीची भांडी माझी, संक्रांतीपर्यंत’ हे कूपन शंभर पटींनी चांगलं. त्यात काम ठरलेलं आहे, वार ठरलेला आहे, आणि ते तिला सांगावं लागत नाही.

वार ठरवून देण्याची पद्धत मराठी समाजाने फार पूर्वी पाहिली आहे. शिकायला गावाहून आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. देणाऱ्या घराने एक वार कबूल केला की त्या दिवशी त्या मुलाचं पान वाढलेलं असे. अनेक पिढ्या या सात पानांवर शिकल्या. त्याचबरोबर त्या मुलांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत दाराशी उभं राहण्याचा संकोचही उतरला आहे. ज्या घरी यजमानीण आठवणीने हाक मारी ते घर एक, आणि जिथे मुलाला आपण आल्याचं खाकरून कळवावं लागे ते दुसरं. अन्न दोन्हीकडे तेच असे. कूपन देणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवायला हवा. चिठ्ठी समोर आल्यावर चेहऱ्यावर आठी उमटली, तर पुढच्या चिठ्ठ्या कपाटातच राहतील.

वेळ कागदावर उतरवून चलन म्हणून वापरायचे प्रयत्नही झाले आहेत. रॉबर्ट ओवेनने १८३२ साली लंडनमध्ये श्रम-विनिमय केंद्र काढलं. तिथल्या नोटांवर पौंड-शिलिंगांऐवजी तास छापलेले होते. दोन वर्षांत ते बंद पडलं. १९७३ साली ओसाकात तेरुको मिझुशिमा या गृहिणीने स्त्रियांची श्रमबँक सुरू केली. आज एकीने दुसरीला तासभर मदत करायची, तो तास जमा करायचा आणि गरजेच्या वेळी कुणाकडून तरी परत घ्यायचा. त्याच धर्तीवर मध्य प्रदेश सरकारने २०१९ साली टाइम बँकेची योजना हाती घेतली. हेच राज्य, जिथे २०१६ साली आनंद विभाग नावाचं स्वतंत्र सरकारी खातं निघालं होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी अशा बँका मोलाच्या आहेत, कारण त्यांत देवाणघेवाणीचा हिशेब पक्का असतो. घरातल्या कूपनात तो हिशेब नसावा. आजीने नातवाला परत काही द्यायचं नसतं. ओवाळणी टाकणारा भाऊ ताटातून परतफेड उचलत नाही.

ओवाळणीचा विषय निघालाच आहे, तर पैशाचंही बघू. भाऊबीजेच्या पाकिटावर वरचा एक रुपया चिकटलेलाच असतो. आता त्या पाकिटाची जागा अनेक घरांत गिफ्ट कार्डाने घेतली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमावलीनुसार अशा कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि मुदत किमान एक वर्षाची. सोयीचं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली दाखवलं की नाताळच्या भेटवस्तूंची घेणाऱ्याने केलेली किंमत मूळ खर्चापेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरते. यात भावनिक मोल धरायचं नाही, असं त्याने उत्तर देणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं. रोख दिली तर हे नुकसान होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. भावनिक मोल बाजूला काढल्यावर घरच्या कूपनात मात्र काहीच उरत नाही. म्हणून रोख रक्कम किंवा कार्ड हा त्याला पर्याय नाही. बहिणीला पाकीटही द्यावं आणि चिठ्ठ्याही द्याव्यात.

कूपन लिहिताना सर्वांत घातक शब्द ‘कधीही’. देणाऱ्याला तो उदार वाटतो. सुझान शू आणि आयलेट ग्नीझी यांच्या २०१० च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका कॅफेतल्या केकची आणि पेयाची चिठ्ठी दिली गेली. काहींना तीन आठवड्यांची मुदत, काहींना दोन महिन्यांची. दोन महिनेवाल्यांपैकी ६८ टक्क्यांना आपण जाऊच अशी खात्री होती, तीन आठवडेवाल्यांपैकी ५० टक्क्यांना. प्रत्यक्षात तीन आठवडेवाले ३१ टक्के गेले आणि दोन महिनेवाले अवघे ६ टक्के. चांगली गोष्ट माणूस पुढे ढकलतो, कारण पुढे नक्की वेळ मिळेल असं त्याला वाटत राहतं. ‘कधीही’ लिहिलेली चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडते. त्यामुळे मुदत घालावी, आणि ती जवळची घालावी. तुळशीच्या लग्नापर्यंत, संक्रांतीपर्यंत. लांबचं असेल तर गुढीपाडवा पुरे. आजी विसरली, तर मुदतीच्या आठवडाभर आधी आठवण करून द्यायचं काम देणाऱ्याचं.

काम नेमकं लिहावं. ‘तुला मदत करीन’ याला काही अर्थ नाही. अन्नपूर्णा रोडवरच्या घरासाठी नेमकं म्हणजे काय? ‘रविवारी सात वाजता पोहे-जलेबी मी आणणार, बाबांनी उठायचं नाही.’ ‘थंडीत एका रात्री सराफ्यातून गरम गराडू घरी’, कारण सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे लागणाऱ्या खाण्याच्या गर्दीत आजोबांना उभं राहवत नाही. ‘भुट्ट्याचा कीस मी किसणार, फोडणी आईची.’ ‘लालबाग पॅलेसला एक पूर्ण दुपार, मावशीला हवं तेवढं थांबून.’ बांधायला १८८६ च्या सुमारास घेतलेला आणि विसाव्या शतकात पुरा झालेला हा होळकरांचा वाडा घराजवळ असूनही वर्षानुवर्षं आतून न पाहिलेले लोक याच भागात राहतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजोबांसाठी तर एक कूपन हमखास हवं: नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो, आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही काम होतं. दिवाळी आणि या दाखल्याचा महिना मागेपुढेच येतात. नातवाची ती दहा मिनिटं आजोबांची आठवडाभराची चिंता मिटवतात.

काही गोष्टी कूपनावर येऊ नयेत. ‘मी अभ्यास करीन’, ‘मी खोटं बोलणार नाही’ हे मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून द्यायचं नसतं. ते तसंही करायचंच असतं. नवऱ्याने बायकोला ‘एकदा मुलांना सांभाळीन’ असं लिहून देणंही तसंच, मुलं त्याचीही आहेत. ‘तुझ्या माहेरी चार दिवस मुलांशिवाय, डबे आणि शाळा माझ्याकडे’ हे मात्र द्यावं. दुसऱ्याला न मागता सुधारायच्या चिठ्ठ्याही नकोत. वडिलांना रोज चालायला नेण्याचं कूपन त्यांना चालायला आवडत असेल तरच भेट असतं. आणि भांडणात कूपन परत मागायचं नाही.

बनवायला काही लागत नाही. ए-फोर आकाराचा जाडसर कागद आठ भागांत कापला की प्रत्येक चिठ्ठी साधारण १०५ बाय ७४ मिलिमीटरची होते, हातात मावते, पाकिटात राहते. जाडसर कागद नसेल तर गेल्या हंगामातल्या लग्नपत्रिका काढाव्यात. फाडायची रेघ हवी असेल तर शिवणाच्या मशीनमध्ये दोरा न घालता कागदावरून एक ओळ चालवावी. सुई टोचत जाते आणि तिकिटासारखी भोकांची रांग पडते. मुलांना हे काम फार आवडतं, मोठ्यांनी शेजारी बसावं. गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकात फाडलेल्या पावतीचा अर्धा भाग मागे राहतो, तसा इथेही ठेवावा. त्यावर कधी वापरलं ते लिहिता येतं, आणि कुठलं काम अजून द्यायचं आहे ते देणाऱ्याला कळतं. आजीसाठी अक्षर मोठं आणि काळ्या शाईत. चमकी, चिकटपट्टीची नक्षी हौसेपुरती. अक्षर स्वतःचं हवं, एवढी एक अट सोडू नये.

अक्षराच्या निमित्ताने इंदुरातल्या मराठी घरांना आणखी काहीतरी मिळू शकतं. इथली बहुतेक मराठी मुलं शाळेत मराठी शिकत नाहीत. घरी बोलतात, पण लिहायची वेळ येत नाही. लिपी मात्र हिंदीचीच, म्हणजे हात तयार असतो. कूपनावर दोनच ओळी लिहायच्या असतात आणि त्या आजीला वाचायच्या असतात. ‘मी तुला नेईन’ की ‘नेणार’, ‘डोळ्यांत थेंब’ की ‘डोळ्यात’, हे विचारायला मूल तिच्याकडे येत नसलं तरी आईकडे येतं. शाळेच्या वेळापत्रकात न बसलेली मराठी अशा चिठ्ठीत बसते.

नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. दिवाळीला ती रात्रीच्या गाडीने किंवा स्लीपर बसने येतात आणि भाऊबीज उरकून परततात. त्यांनी घरी करायच्या कामांची कूपनं देऊन उपयोग नाही. त्यांनी फोनवर करता येतील अशी द्यावीत: महिन्याच्या पहिल्या शनिवारी विजेचं, गॅसचं, पाण्याचं बिल सोबत बसून भरणं, डॉक्टरांचा अहवाल ओळीओळीने वाचून सांगणं, आजोबांच्या जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं त्यांच्याकडून ऐकून लिहून घेणं. हे शेवटचं पुढे ढकलण्यासारखं नाही.

आणि कूपनं फक्त धाकट्यांनी मोठ्यांना द्यायची, असं थोडंच आहे? आजी-आजोबांकडे द्यायला असं बरंच आहे जे बाजारात कुठेच मिळत नाही. ‘पुरण कसं वाटायचं, एक दुपार.’ ‘नऊवारी नेसवणं, एकदा माझ्या हाताने, एकदा तुझ्या.’ ‘माझ्या शाळेची आणि मिलच्या भोंग्याची गोष्ट, लालबागेत चालता चालता.’ नातीला अशी तीन-चार द्यावीत. फक्त मुदत दिवाळीच्या सुट्टीतलीच घालावी. शाळा सुरू झाली की तिचे शनिवारही शिकवणीला जातात.